पाटीवर एक गॅस, पोटात दुसरा: बेळगावच्या एका दुरुस्ती दुकानातलं टॅगचं प्रकरण

बेळगावात शहापूरच्या बाजूला फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. मालकांना गिऱ्हाईक, शेजारी, कामाची पोरं सगळेच आण्णा म्हणतात. निम्मा धंदा दुरुस्तीचा आणि निम्मा जुना माल घेऊन, नीट करून विकायचा. माल येतो तो तिळकवाडी, वडगाव, अनगोळच्या घरांतून, नव्याच्या बदल्यात शोरूमवाल्यांनी उचललेल्या जुन्यांतून, चोर्ला घाटाने गोव्याच्या हॉटेलांतून आणि कधीमधी कोल्हापूरहून. जातो तो खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडे आणि थोडाफार चंदगडला. एकेक फ्रिज भंगारात जाईपर्यंत तीन-चार घरं आणि दोन राज्यं बघतो.

या दुकानात फ्रिजच्या आत एक छोटा रेडिओ टॅग चिकटवायला सुरुवात झाली. यंत्र कधी घेतलं, काय बिघडलं, कोणी उघडलं, आत कोणता गॅस भरला, ही सगळी कुंडली त्या टॅगमध्ये. काम एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभं राहिलं आणि मी त्यांच्याबरोबर मार्गदर्शक म्हणून होतो. इथे मी मुख्यतः एकाच फ्रिजबद्दल लिहिणार आहे, कारण टॅगवर काय लिहायचं आणि कशासाठी, हे त्या फ्रिजने आम्हा सगळ्यांना नेमकं दाखवलं.

माझं मत आधीच सांगतो. घरगुती यंत्राबद्दलची सर्वांत कामाची माहिती कारखान्यात तयार होत नाही, ती पहिल्या दुरुस्तीनंतर तयार होते. ती मिस्त्रीच्या डोक्यात असते आणि यंत्र दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलं की तिथेच संपते. म्हणून टॅगची रचना कंपनीच्या किंवा गोदामाच्या सोयीने करून चालत नाही, ती मिस्त्रीच्या हाताला सोयीची असावी लागते.

जुना फ्रिज दुकानात येतो तेव्हा

साधा एकदारी, १९० लिटरच्या आसपासचा फ्रिज घ्या. मागे खाली एक पाटी असते. तिच्यावर मॉडेल, क्रमांक, व्होल्टेज, गॅसचा प्रकार आणि गॅसचं वजन छापलेलं असतं. खानापूरच्या पावसात ही पाटी टिकत नाही. भिंतीच्या ओलीने कागद फुगतो, कोपरे सुटतात, आकडे पुसतात. दारावरचा स्टार लेबलचा स्टिकर मुलांनी खरवडलेला असतो. बिल जपून ठेवलेलं असलं तरी ते थर्मल कागदावरचं. दोन-तीन वर्षांत कोरा कागद हातात उरतो. बिल कोल्हापूरचं, वॉरंटी कार्ड इंग्रजीत, कस्टमर केअरला फोन लावला तर कन्नड, हिंदी, इंग्रजी यांतून निवडायचं, आणि घरात बोलतात मराठी. घरमालकाला विचारलं तर उत्तर येतं, "घेऊन झाली असतील की धा-बारा वर्षं."

हे सगळं चालवून घेता येतं. गॅसचं मात्र चालवून घेता येत नाही.

भारतात घरगुती फ्रिजमध्ये जुना सीएफसी गॅस, आर-१२, वापरणं २००३ पासून बंद झालं. त्यानंतर बरीच वर्षं आर-१३४ए चालला. तो पेट घेत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ करतो. आता नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो. हा म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा जवळचा नातेवाईक. हवामानाला त्याचा त्रास नगण्य, वजनाने लागतोही निम्म्याहून कमी, पण तो जळतो. हवेत सुमारे १.८ टक्के मिसळला की ठिणगी पुरते. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली असलेल्या दुकानात तो कुठे बसून राहील, हे वेगळं सांगायला नको.

दोन्ही गॅसांची तेलंही वेगळी. आर-१३४ए च्या कॉम्प्रेसरमध्ये एस्टर जातीचं तेल, आर-६००ए च्या कॉम्प्रेसरमध्ये साधं मिनरल तेल. चुकीचा गॅस भरला तर कूलिंग येत नाही, तेल फिरून माघारी येत नाही, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर तापला की त्याची वीज तोडणारा भाग) सारखा तुटतो आणि काही महिन्यांत कॉम्प्रेसर जळतो. हे सगळं मिस्त्र्यांना माहीत असतं. अडचण पुढची आहे: पाटीवर जे छापलंय तेच आत असेल याची खात्री पहिला कॉम्प्रेसर बदलेपर्यंतच. त्यानंतर हाताला जो कॉम्प्रेसर मिळाला तो बसतो, त्याच्या जातीचा गॅस भरला जातो, आणि मागची पाटी जुनंच सांगत राहते.

टॅग कोणता

रेडिओ टॅग म्हटलं की आपल्याकडे आधी फास्टॅग आठवतो. कोगनोळीच्या किंवा हिरेबागेवाडीच्या टोलवर काचेवरचा जो स्टिकर वाचला जातो, तो यूएचएफ जातीचा. भारतात या जातीसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचक यंत्राकडून येणाऱ्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक परत फेकतो. काही मीटरवरून वाचता येतो, म्हणून कारखान्याला आणि गोदामाला तो उत्तम. पण दुरुस्तीच्या दुकानाला हे अंतर नको असतं. त्याचं वाचक यंत्र महाग पडतं, मिस्त्री ते गावात घेऊन हिंडणार नाही, आणि दुकानात एकाला एक लागून उभे असलेले पत्र्याचे फ्रिज लहरी उलटसुलट परतवतात. एकाची नोंद मागितली आणि शेजारच्याची आली, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

दुसरा पर्याय एनएफसी. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो, मोबाइल अगदी टेकवला तरच वाचला जातो. कोणत्या फ्रिजची नोंद वाचतोय याबद्दल शंका उरत नाही. स्वस्तातल्या पुष्कळ मोबाइलमध्ये एनएफसी नसतं ही खरी अडचण आहे. पण घरच्या माणसाने टॅग वाचलाच पाहिजे असं नव्हतं. मिस्त्र्याकडे एक बऱ्यापैकी मोबाइल असला की काम भागत होतं.

क्यूआर कोडचा मुद्दा विद्यार्थ्यांनी जोर लावून मांडला होता, आणि त्यात तथ्य होतं. छपाई जवळजवळ फुकट, कुठलाही मोबाइल वाचतो. पण छापलेल्या चौकोनात पुढच्या वर्षीची दुरुस्ती लिहिता येत नाही. ती लिहायची तर माहिती इंटरनेटवर ठेवावी लागते, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात मिस्त्री फ्रिज उघडून बसलेला असताना रेंज येईलच असं नाही. आम्हाला यंत्राबरोबर फिरणारी आणि वाढत जाणारी नोंद हवी होती. म्हणून एनएफसी ठरलं. क्यूआर आम्ही टॅगशेजारी ठेवला, पण त्यात फक्त टॅगचा क्रमांक.

कुठे चिकटवायचा

एनएफसीला धातू चालत नाही. पत्र्यावर सरळ चिकटवलेला साधा टॅग मुका होतो. फेराइटचा (पत्र्याचा अडथळा रोखणाऱ्या चुंबकी पदार्थाचा) थर असलेला वेगळा टॅग घ्यावा लागतो आणि तो महाग. फ्रिजचं बाहेरचं अंग पत्र्याचं असलं तरी आतलं अस्तर प्लास्टिकचं असतं आणि दोन्हींच्या मध्ये काही सेंटिमीटर फोम. म्हणजे आतल्या भिंतीवर चिकटवला तर पत्रा पुरेसा लांब राहतो आणि साधा टॅगही नीट वाचला जातो. विद्यार्थ्यांनी दाराची आतली बाजू पसंत केली: दार उघडलं की समोर, मोबाइल टेकवायला सोपं.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाराला नको ओ सर. दार आज ह्याचं, उद्या त्याचं. रबर फाटलं, हँडल मोडलं की आमी दारच बदलतो. मग ह्याची कुंडली त्याच्या दाराला जाणार की."

विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही मनात हे आलं नव्हतं. कागदावर फ्रिज ही एक वस्तू असते. दुकानात ती दार, डबा, कॉम्प्रेसर, थर्मोस्टॅट, रबर, ट्रे अशी सुटी सुटी असते आणि यातला प्रत्येक भाग कुठल्या तरी दुसऱ्या फ्रिजला लागतो. बदलत नाही ते फोम भरलेलं अंग. म्हणून टॅग अंगाच्या आतल्या भिंतीवर, भाजीच्या ट्रेच्या जरा वर गेला. फ्रीझरपासून लांब, त्यामुळे तिथे बर्फ धरत नाही. वरून पारदर्शक इपॉक्सीचा पातळ लेप, दमट हवेसाठी. स्क्रू मारायचा नाही ही आण्णांची सक्त ताकीद, कारण भिंतीआड नळी कुठून गेली आहे हे बाहेरून कळत नाही.

दुसरी खबरदारीही त्यांच्याच बोलण्यातून निघाली. टॅगमध्ये कॉम्प्रेसरच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे लिहायचे. वाचणाऱ्याने खाली वाकून कॉम्प्रेसरवरचे आकडे ताडून बघायचे. जुळले तर नोंद खरी. नाही जुळले तर मधे कुणीतरी न लिहिता कॉम्प्रेसर बदललाय, आणि मग टॅगवरच्या गॅसच्या ओळीवर भिस्त ठेवायची नाही.

१४४ बाइटमध्ये आयुष्य

आम्ही वापरलेल्या टॅगचं नाव एनटॅग २१३. लिहायला जागा १४४ बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट खातं, कानामात्रा वेगळे धरून. कन्नडचंही तसंच. म्हणजे १४४ बाइटमध्ये जेमतेम ४८ चिन्हं, "कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला" एवढं लिहिलं की जवळजवळ निम्मी जागा गेली. आणि मराठीत लिहावं तर हुक्केरीचा कन्नड मिस्त्री अडणार, कन्नडात लिहावं तर खानापूरचा मराठी मिस्त्री. इंग्रजी दोघांनाही नको होतं.

म्हणून शब्द टॅगवर ठेवलेच नाहीत, आकडे ठेवले. एका दुरुस्तीला ८ बाइटची एक ओळ: तारखेला २, कामाच्या कोडला १, गॅसच्या प्रकाराला १, गॅसच्या वजनाला २, मिस्त्र्याच्या क्रमांकाला २. कॉम्प्रेसर बदलला तर नव्याचे आकडे आणखी एका ओळीत. मोबाइलमधलं छोटं ॲप तो आकडा वाचतं आणि निवडलेल्या भाषेत दाखवतं. आण्णांच्या मोबाइलवर तीच ओळ मराठीत दिसते, हुक्केरीत कन्नडात. १४४ भागिले ८ म्हणजे १८ ओळी. पहिल्या ३ जन्माच्या: मॉडेल, क्रमांक, खरेदीचा महिना, मूळ कॉम्प्रेसरचे आकडे. उरल्या १५. फ्रिजच्या आयुष्याला पुरून उरतात.

८ बाइटच का, यामागे कारण आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. या टॅगची जागा ४-४ बाइटच्या पानांत विभागलेली असते आणि पानं कायमची कुलूपबंद करता येतात. सुरुवातीची पानं एकेक करून, पुढची दोन-दोनच्या जोडीने. आमची एक ओळ म्हणजे बरोबर दोन पानं. ओळ लिहिली की ती दोन पानं बंद. पुढे कुणालाही, आम्हालासुद्धा, ती खोडता येत नाही. चुकीचं लिहिलं गेलं तर खाली नवी ओळ घालून दुरुस्त करायचं, जसं किराणा दुकानाच्या खतावणीत करतात. पासवर्ड मात्र आम्ही ठेवला नाही. पासवर्ड ठेवला असता तर दुसऱ्या दुकानाला लिहिता आलं नसतं आणि नोंद आमच्याच उंबऱ्यात अडकली असती.

मालकाचं नाव, पत्ता, फोन यांतलं काहीही टॅगवर नाही. मोबाइल टेकवणाऱ्या कुणालाही टॅग वाचता येतो, तेव्हा त्यावर माणसाबद्दल काही असता कामा नये, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

नंदगडकडून आलेला फ्रिज

ज्या फ्रिजबद्दल सांगायचं होतं तो हा. मूळ खरेदी कोल्हापूरची, मग तिळकवाडीतल्या एका घरात काही वर्षं, तिथून आण्णांच्या दुकानात. दुकानात टॅग लागला आणि तो खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाने नेला. मधल्या काळात तिथे कॉम्प्रेसर गेला. खानापुरातल्या एका मिस्त्र्याने तो बदलला. हा मिस्त्री आण्णांच्या हाताखाली शिकलेला, ॲप त्याच्याकडे होतं, त्याने ओळ लिहिली.

पुढे फ्रिज टेम्पोतून पुन्हा शहापुरात आला. तक्रार: कूलिंग नाही. बरोबर घरातल्या मावशी आणि त्यांचा पुतण्या. मागची पाटी अजून वाचता येत होती: आर-१३४ए. कॉम्प्रेसर गंजलेला, त्यावरचा कागद निघून गेलेला. गॅस नाही हे उघड होतं; कॉम्प्रेसर चालू, मागची जाळी (कंडेन्सर) तापायची ती थंडगार, फ्रीझर कोरडा. अशा वेळी दुकानात काय होतं ते ठरलेलं आहे. गॅस भरायची (चार्जिंगची) नळी ज्योतीने सोडवायची, जुना ड्रायर (नळीतला ओलावा शोषणारी कुपी) काढायचा, नवा जोडायचा. कामाच्या पोराने ज्योत पेटवलीही होती.

आण्णांनी आधी मोबाइल टेकवला. शेवटच्या कामाची नोंद: कॉम्प्रेसर बदलला, गॅस आर-६००ए, वजन ३८ ग्रॅम, जोडीला नव्या कॉम्प्रेसरचे आकडे. कॉम्प्रेसरवर ठोकलेले आकडे कापडाने पुसून ताडून पाहिले. जुळले.

"ज्योत बंद कर," ते म्हणाले. "आन् भायेर काढ ह्याला."

पोराचं म्हणणं होतं की आत गॅसच नाही तर भीती कसली. प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ मिस्त्री इथेच फसतात. नळीतला गॅस गळून गेला तरी कॉम्प्रेसरच्या तेलात आयसोब्युटेन विरघळून राहिलेला असतो. तेल तापलं की तो सुटतो. नळी ज्योतीने उघडली तर तोंडाशीच भडका होतो. फ्रिज अंगणात काढून नळी कटरने कापली, तेल बसू दिलं, नायट्रोजन सोडून आतलं सगळं धुऊन काढलं, मगच ज्योत पेटली. यात तासभर जास्त गेला.

गळती सापडली ती फ्रीझरच्या डब्यात, ॲल्युमिनियमला बारीक भोक. मावशींनी बर्फ सुरीने खरवडला होता. म्हणजे गॅस सुटला तो बंद फ्रिजच्या आत, जिथे ठिणगी पाडू शकणारे थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण आहे. काही झालं नाही, कारण गळती हळू होती आणि दार दिवसभर उघडझाप होत होतं. आण्णांनी त्यांना समजावलं, "मावशी, बर्फाला सुरी लावू नका. मधलं बटण दाबून सोडा, आपसूक वितळतंय." डबा बदलला, ड्रायर बदलला, व्हॅक्यूम केला, गॅस काट्यावर तोलून भरला, आणि टॅगवर दोन ओळी गेल्या: फ्रीझरचा डबा बदलला, गॅस आर-६००ए, वजनासकट.

पाटीवर विसंबून आर-१३४ए भरला असता तर काय झालं असतं, ते वर आलंच आहे. कॉम्प्रेसर जळाला असता आणि त्या घराला नवा कॉम्प्रेसर किंवा नवा फ्रिज घ्यावा लागला असता. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पेटलेली ज्योत. एक मिस्त्री खानापुरात, दुसरा बेळगावात. त्या दिवशी त्यांचं एकमेकांशी बोलणं झालं नाही, आणि तरी एकाला ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर दुसऱ्यापर्यंत पोचली. या टॅगचं सगळं मोल मला या एका ओळीत दिसतं.

पुराची ओळ

सगळं इतकं सरळ गेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठच्या गावांत पाणी घुसलं. निपाणी-चिकोडीकडे कितीतरी फ्रिज बुडाले. त्यातले पुष्कळ नंतर जुन्याच्या बाजारात आले, अजूनही येतात. बुडालेला फ्रिज चालू होतो, कारण कॉम्प्रेसर सीलबंद असतो; रिले, वायरिंग, थर्मोस्टॅट बदललं की तो गार करतो. पण सांध्यांतून फोममध्ये शिरलेलं पाणी निघत नाही. गारवा धरत नाही, कॉम्प्रेसर थांबतच नाही, वीज जास्त जाते.

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली घरगुती वीज २०० युनिटपर्यंत मोफत आहे, पण घराला त्याच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडीशी वाढ एवढीच मर्यादा. मर्यादेबाहेरचे युनिट भरावे लागतात, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल. ज्या घराचा वापर आधीच कमी, त्याला असा पाणी प्यालेला फ्रिज महिन्याच्या महिन्याला भारी पडतो. जुना फ्रिज बहुधा अशाच घरात जातो.

टॅगच्या कोडमध्ये "पाण्यात बुडाला" ही नोंद आहे. ती लिहायची का, यावर दुकानात बरीच चर्चा झाली. आण्णांनी अडचण लपवली नाही: "लिवलं तर माल पडून राहतोय. न्हाई लिवलं तर घेणाऱ्याच्या घरात मीटर पळतोय." शेवटी लिहायचं ठरलं, किंमत उतरवून. एका व्यापाऱ्याने त्यानंतर या दुकानाला माल देणं थांबवलं. त्याला टॅग नको होता. नुकसान एका दुकानाने एकट्याने सोसलं, आणि ते सोसायची पाळी त्याच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या यंत्राचा इतिहास विक्रीच्या वेळी सांगणं सगळ्यांनाच बंधनकारक असतं, तर प्रामाणिक माणसाचा माल वेगळा पडला नसता.

कायद्याच्या साखळीत मिस्त्री कुठे

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत १०६ प्रकारची उपकरणं आहेत. उत्पादकाने जेवढा माल बाजारात आणला, त्याच्या ठरावीक टक्क्यांचं रीसायकलिंग करून दाखवायचं. २०२५-२६ साठी हे प्रमाण ७० टक्के. हिशोब धरतात तो यंत्राच्या सरासरी आयुष्यावर, फ्रिजला १० वर्षं. म्हणजे कागदावर कोल्हापूरला घेतलेला आपला फ्रिज एका ठरलेल्या वर्षी "संपतो". प्रत्यक्षात तो तेव्हा नंदगडला दूध-दही गार ठेवत असतो. हे नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत. लहान दुकानाला त्याचा जाच नाही, हे चांगलंच. पण त्यामुळे यंत्राबद्दल सर्वांत जास्त ज्याला माहीत आहे तोच माहितीच्या साखळीबाहेर राहतो.

जपानमध्ये २००१ पासून फ्रिज, एसी, टीव्ही आणि वॉशिंग मशीन टाकताना क्रमांक असलेलं तिकीट यंत्रावर लागतं आणि ते यंत्र कुठवर पोचलं हे त्यावरून शोधता येतं. युरोपीय संघाचा जुलै २०२४ मध्ये अमलात आलेला नियम वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देण्याची तरतूद करतो. मोठ्या बॅटऱ्यांसाठी असा पासपोर्ट वेगळ्या नियमाने फेब्रुवारी २०२७ पासून सक्तीचा ठरवला आहे. आपल्याकडे उद्या असं काही आलं, तर पासपोर्टमध्ये लिहिण्याचा हक्क फक्त कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला राहू नये. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत फ्रिज उघडणारा माणूस त्या केंद्रातला नसतो.

वॉशिंग मशीनवरही टॅग लावले गेले, पण तिथे गॅससारखी जिवावरची माहिती नाही. मोटर बदलली, बेल्ट बदलला, पाण्याच्या क्षाराने व्हॉल्व्ह गेला, एवढंच. उपयोग आहे, पण आण्णांना त्याची निकड वाटली नाही आणि मलाही नाही.

राहिलेल्या गोष्टी

टॅगचा निर्माता माहिती १० वर्षं टिकण्याची हमी देतो. आपल्याकडचे फ्रिज त्यापेक्षा जास्त चालतात. म्हणून प्रत्येक टॅगच्या ७ बाइटच्या कारखानी क्रमांकाखाली त्याच ओळींची प्रत दुकानाच्या संगणकावर ठेवलेली असते, आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या टॅगशेजारी नवा टॅग लावून सगळ्या ओळी उतरवून घेण्याची सोय ॲपमध्ये आहे.

भंगाराची बाजू अजून कच्ची आहे. फ्रिज भंगारवाल्याकडे गेला की कॉम्प्रेसर कापून तांबं निघतं, गॅस हवेत जातो, तेल मातीत. फोमही सारखा नसतो: जुन्या फ्रिजच्या फोममध्ये ओझोनला मारक एचसीएफसी-१४१बी असू शकतो, ज्याचा वापर भारतात १ जानेवारी २०२० पासून थांबला, नव्यांत बहुधा सायक्लोपेंटेन, जो जळतो. रीसायकलिंगच्या कारखान्याला फोडण्याआधी हे कळलं तर काम नीट होतं. टॅगच्या पहिल्या ओळीत खरेदीचं वर्ष असल्यामुळे अंदाज बांधता येतो, पण भंगारवाल्याकडे टॅग वाचायला ना मोबाइल आहे ना कारण. सध्या आण्णा फ्रिज भंगारात देण्याआधी गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतात, "गॅस काढला, भंगार" अशी ओळ लिहितात आणि दारावर खडूने गॅसचा प्रकार मोठ्या अक्षरांत लिहून देतात. आर-६००ए असेल तर त्याखाली "पेटतो".

मिस्त्र्याच्या क्रमांकावरून एक वाद अजून चालू आहे. नावाऐवजी क्रमांक असावा, हे सगळ्यांना पटलं होतं. तरी खानापूरकडच्या एका मिस्त्र्याने आपला क्रमांक टाकायला नकार दिला. न खोडता येणाऱ्या ओळीत आपलं काम कायमचं दिसणार आणि पुढे काहीही बिघडलं की बोट आपल्याकडे येणार, ही त्याची शंका. विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं की क्रमांक नसलेली ओळ ॲपने घेऊच नये. आण्णांनी ते मानलं नाही. त्यामुळे त्या रकान्यात शून्य टाकून ओळ लिहिता येते. खानापूरहून येणाऱ्या फ्रिजांत अशा शून्याच्या ओळी दिसतात, आणि त्यांत गॅसचा प्रकार आणि वजन भरलेलं असतं.